मग सांगेन

१

"तुमचा पासवर्ड चुकीचा आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मराठी साहित्यातलं माझं योगदान विचाराल तर ते हे. मोबाइल ॲपांचं मराठी करायचं काम मी घरबसल्या करते. कॉलेजात असताना कविता लिहायच्या असं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं ते विचारू नका. आता चाळिशी उलटल्यावर इकडे बंगालमध्ये, न्यू टाउनच्या एका उंच बिल्डिंगमध्ये बसून मी लोकांना पुन्हा प्रयत्न करायला सांगत असते.

सकाळी प्रथमेश ऑफिसला आणि ईशा शाळेत गेली की घर माझं. मग चहा, आणि चहानंतर ईशासाठी व्हॉइस नोट. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. ईशा इथेच जन्मली. मराठी तिला समजतं सगळं, बोलते अडखळत, पण देवनागरी वाचायला बसली की बघवत नाही. आणि बाईसाहेब शिकतात आबृत्ती, म्हणजे कविता म्हणायचा रीतसर क्लास. इथे तो गाण्याच्या क्लाससारखा गल्लोगल्ली असतो. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिला मराठी कविता म्हणायची असली की मी ती रेकॉर्ड करून पाठवते. ती हेडफोन लावून ऐकते, बंगाली अक्षरांत लिहून काढते आणि पाठ करते. मंडळातल्या निम्म्या पोरांचं मराठी असंच, आयांच्या आवाजातलं. आई जिथे खोकते तिथे पोरगं खोकतं.

थट्टा नाही. एका वर्षी ईशाने देशभक्तीच्या कवितेत मधोमध, छान हात उंचावून, "अगं, दूध!" असं म्हटलं होतं. कारण रेकॉर्ड करताना मी म्हटलं होतं.

या वर्षी कवी विश्राम कोरान्न्यांची जन्मशताब्दी. कोरान्ने तरुणपणी काही वर्षं इथून जवळच, बजबज गावी, एका ज्यूट मिलच्या ऑफिसात होते. तेवढ्यावर आमचं मंडळ त्यांना घरचे मानतं. सेक्रेटरी मंगलाताईंचा फोन आला, "अनुजा, 'पाठमोरी' ईशानेच म्हणायची हं. इथेच लिहिलीय त्यांनी ती, गंगेकाठी." मी इतकी खूश झाले की फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. गुडघा दुखला.

कविता रेकॉर्ड करून पाठवली. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी ईशा टेबलाशी बसून मुरमुरे खात होती.

"आई, झाली पाठ. फक्त शेवटचा श्वास येत नाहीये मला."

"कुठला श्वास?"

"कविता संपते ना, त्याच्यानंतर तू घेतेस तो. असा." तिने ओठ जरासे उघडले आणि हवा आत ओढली. बोलायच्या आधी माणूस घेतो तशी. आणि मग काहीच बोलली नाही. "माझा नकली वाटतो. तुझा एकदम खरा आहे. वाटतं, आता काहीतरी सांगणार."

"असं काही करत नाही गं मी."

"करतेस," ईशा म्हणाली आणि पुन्हा मुरमुऱ्यांत हात घातला.

२

'पाठमोरी' मला हॉस्टेलपासून पाठ आहे. नाशिकला असताना घेतलेली त्या संग्रहाची प्रत अजून आहे माझ्याकडे. अर्पणपत्रिकेच्या पानावर एकच शब्द आहे : 'हिला'. तो बघून आम्हा मुलींना काय काय व्हायचं! नाव नाही, गाव नाही, नुसतं 'हिला'. आपलंही असंच व्हायला हवं, हे मी तेव्हाच पक्कं केलं होतं. संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर वेणी पुढे घेऊन, दाराकडे पाठ करून बसायची मी. कुणीतरी येईल, थबकेल, आणि लिहील. एकदा खरंच कुणीतरी आलं आणि थबकलं. वॉचमन होता. टाकी भरली का बघायला आला होता.

पुढे लग्न झालं प्रथमेशशी. त्याने मला उद्देशून लिहिलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे वाय-फायचा पासवर्ड.

कविता अशी सुरू होते :

*वळू नकोस. अशीच बस.*
*नदी तुझ्या खांद्यापर्यंत आली आहे.*
*एक शब्द बोललीस*
*तर निघून जाईल.*

आणि मधल्या कडव्यांत पाणी, होड्या, तिच्या मानेवरचं ऊन असं सगळं येऊन गेल्यावर शेवट :

*होऊ दे माझं लिहून. मग सांगेन.*
*तोवर तूच*
*माझा काठ.*

ईशाने श्वासाचं काढल्यावर मी पुस्तक उघडून पुन्हा वाचली. 'काठ'पाशी अंगावर काटा आला, अगदी पूर्वीसारखा. नदीला असं कुणाच्या खांद्याशी आणून ठेवणं सोपं नाही, मला विचारा, मी पासवर्डलासुद्धा धड कुठे आणून ठेवू शकत नाही. पण या खेपेला काट्याच्या मागोमाग एक अगदीच बावळट प्रश्न आला. ही बाई बसलीय किती वेळ?

तहान लागली असेल. पाय अवघडला असेल. माझे अवघडतात.

मग मी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. पानोपानी ती आहे. दारात, खिडकीत, घाटावर. तिची मान आहे, पाठ आहे, टाचा आहेत. तोंड नाही. एवढ्या पुस्तकात ती एकदाही एक शब्द बोलत नाही. मी अवतरणचिन्हं शोधत शेवटच्या पानापर्यंत गेले. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं असेल, तर आवडलं असेल.

राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. वाईट वाटलं, जिवलग मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल काहीतरी कानावर यावं तसं. पुस्तक मिटलं, आणि मिटल्यावर तिची आणखीनच घुसमट होईल असं काहीतरी मनात येऊन पुन्हा उघडून ठेवलं. वयाचा परिणाम.

३

मी माझंच रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटची ओळ संपते, जरा शांतता, आणि मग श्वास. ईशाने करून दाखवला तसाच.

माझाच असणार. चहूकडे बांधकामाची धूळ, माझं नाक कायम अर्धं बंद. पुन्हा रेकॉर्ड केलं. श्वास होता. पंखा बंद केला, फ्रिजसुद्धा बंद केला. श्वास होता. मग 'काठ' म्हणून झाल्याबरोबर ओढणीचा बोळा तोंडावर दाबून, नाक चिमटीत धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसले. कुणी बघितलं असतं तर बाई गेली असं वाटलं असतं. ऐकलं. श्वास होता, निवांत, भरलेला.

त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या कविता म्हणून बघितल्या. काही नाही. फक्त हीच.

प्रथमेशने घरी आल्यावर आधी वितळलेलं आइस्क्रीम बघितलं, मग माझ्याकडे. "फोन गॅप भरतो गं हल्ली. शांतता आली की त्याला वाटतं काहीतरी चुकलं."

"मग श्वास कशाला भरेल?"

"एआय," तो म्हणाला. आमच्याकडे हल्ली सगळ्याला हेच उत्तर आहे. परवा कणीक सैल झाली तेव्हाही हेच म्हणाला.

मलाही ते पटवून घ्यायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं, म्हणजे शंकाच फिटेल. तर ऐकू आलं ते दुसरंच. मी डायनिंग टेबलाशी बसून म्हणते. श्वास टेबलाजवळचा नव्हता, मागून येत होता. बाल्कनीच्या काचेकडून.

तिथे आमची वेताची खुर्ची असते. तिची एक खोड आहे. बसलं की बारीक 'कर्र' करते. उठलं की लांबलचक करकरते, जशी काही तिलाच उठायचं जिवावर आलंय. घरात कुठेही असलं तरी कळतं, कोण बसलं, कोण उठलं.

रेकॉर्डिंगमध्ये, मी 'वळू नकोस' म्हणायच्या जरा आधी, बारीक 'कर्र' झालं होतं.

शेवटपर्यंत ऐकलं. श्वासाच्या पुढेही, रेकॉर्डिंग बंद होईपर्यंत. लांब करकर कुठेच नव्हती.

४

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये तालीम होती. तालमीपेक्षा साबुदाणावडे जास्त होते. नारायणकाका भिंतीशी बसले होते. ऐंशी ओलांडलेली, इथलाच जन्म, वडील कोरान्न्यांच्याच ऑफिसात. शताब्दीचं भाषण त्यांचं होतं.

"काका, तुम्ही कोरान्न्यांना बघितलंय ना?"

"बघितलंय म्हणजे? क्वार्टर्स लागून होत्या आमच्या. रविवारी आई-बाबा मला घेऊन जायचे त्यांच्याकडे. आम्ही दारात दिसलो की ते तोंडावर बोट ठेवायचे. नदीकडच्या खिडकीशी बाई बसलेल्या, आणि हे मागे टेबलाशी, लिहीत."

"बाई म्हणजे बायको?"

"मग कोण असणार? पाठमोऱ्या. मला तोंड आठवतच नाही बघ त्यांचं. अंबाडा आठवतो. एकदा मी जवळ जाऊन बघायला निघालो, तर आईने दंडाला धरून ओढलं. म्हणाली, काका लिहितायत. परतताना बाबांना म्हणाली, काय नशीब काढलंय हो तिने. बाबा म्हणाले, मान आखडेल बिचारीची. आणि दोघं हसले."

"त्यांना 'आता उठा' म्हणताना ऐकलंय तुम्ही कधी?"

काकांनी वडा बशीत ठेवला. "नाही बुवा. आलो तेव्हा बसलेल्या, निघालो तेव्हा बसलेल्या."

"नाव काय त्यांचं?"

"नाव..." ते बशीतल्या वड्याचा तुकडा मोडायला लागले. "सगळे मिसेस कोरान्नेच म्हणायचे."

मागून मंगलाताई आल्या. "काका, हे खिडकीचं भाषणात सांगा हं! किती रोमँटिक!"

"सांगतो की," काका म्हणाले.

"मग कोरान्ने नोकरी सोडून गेले तेव्हा त्यासुद्धा गेल्या ना काका?" मी विचारलं.

"कोरान्ने गेले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो होतो."

"आणि त्या?"

"असतील की," काका म्हणाले. आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "सामान फार होतं गं."

५

ईशा त्या खुर्चीत बसून सराव करायला लागली होती. क्लासमधल्या दिदींनी सांगितलं होतं म्हणे, कवितेची बसायची पद्धत शोध. मी म्हटलं, छान. मला अजून वाटत होतं, छान.

एका शनिवारी मी कार्यक्रमासाठी तिला बांगड्या आणायला एस्प्लनेडला गेले. निघताना ती खुर्चीत होती, काचेकडे तोंड करून. मेट्रोची गर्दी, बांगड्यांच्या दुकानात घासाघीस, स्वतःसाठी नको असलेली एक पर्स, असं सगळं उरकून आले तर ती खुर्चीतच होती.

"ईशू, बघ काय आणलंय."

ती वळली नाही.

"ईशा?"

श्वास ऐकू आला. बोलायच्या आधीचा. आता तिला जमला होता, अजिबात नकली नव्हता. त्यापुढे काही आलं नाही.

मी पर्स टाकून पुढे गेले, तिच्या आणि काचेच्या मध्ये. डोळे उघडे होते, ओठ किंचित उघडे. मी समोर आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, पण आधी माझ्या आरपार बघून मग.

"पाय गेलेत माझे," ती म्हणाली.

"मग उठायचं ना, गधडे!"

"तू म्हणाली नाहीस."

"काय म्हणाली नाही?"

"झालं म्हणून."

मग ती हसली. मीही हसले. काय करणार? तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. बर्फासारखे गार होते, आणि पोटऱ्यांवर, मांड्यांवर वेताची जाळी इतकी खोल उमटली होती की रात्रीच्या जेवणापर्यंत गेली नाही.

"आपण दुसरी कविता घेऊया," मी म्हटलं. "ती चिमणीची छोटीशी. सगळ्यांना आवडते."

"नको. ती बसून राहिलीय ना, आई. मध्येच सोडून कसं जायचं?"

"कोण ती?"

"कवितेतली," ईशा म्हणाली, मी बुद्दू असल्यासारखं.

प्रथमेश म्हणाला, स्टेजची भीती तुला वाटतेय, तिला नाही. मी रोज मंगलाताईंचा नंबर काढायची आणि फोन बाजूला ठेवायची. एक फोन होता फक्त. ईशाला बरं नाहीये, एवढंच सांगायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला ती कविता ऐकायची होती. हॉलमध्ये, माइकवर, माझ्या मुलीच्या आवाजात. तिच्या पायांवरची जाळी बघूनसुद्धा. आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

६

कार्यक्रम दुपारी होता. समोर कोरान्न्यांचा मोठा फोटो, झेंडूचा हार. टेबलाशी बसून लिहितानाचा फोटो. तो मी शंभर वेळा बघितला असेन. फोटोच्या अगदी कडेला खुर्चीचा हात आहे आणि त्यावर टेकलेलं एक कोपर, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढचं कापलं होतं.

नारायणकाकांनी खिडकीचं सांगितलं. लोक 'वा' म्हणाले.

मग ईशा आली. माझी जांभळी साडी, नव्या बांगड्या. स्टेजवर खुर्ची होती, ती आमच्याकडे पाठ करून तिच्यात बसली. हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. ती सुरू झाली, आणि मी सगळं विसरले. इतकं सुंदर म्हणत होती. नदी खरंच आली, हॉलच्या कोंदट हवेत, पंख्यांच्या खाली, सगळ्यांच्या खांद्यांपर्यंत. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी पुन्हा हॉस्टेलच्या गच्चीवर होते.

*तोवर तूच माझा काठ.*

शांतता. आणि मग स्पीकरमधून, अख्ख्या हॉलभर, तो श्वास.

आणि या वेळी पुढे शब्द आले. ईशाचं मराठी अडखळतं. हे अडखळलं नाही. आवाज माझाही नव्हता. वापरात नसलेल्या नळाला पाणी यावं तसा आधी थोडा खरखरला, आणि मग एखादी बाई घरातलं काम विचारते तसं, अगदी साधं, जरासं भीतभीत :

"झालं का? उठू मी?"

कुणी हललं नाही. ती विचारून थांबली होती. पाठमोरी, मान किंचित कलती, उत्तराकडे कान लावून. हॉलभर माणसं बसली होती, आणि एकानेही 'हो' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

मंगलाताईंनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मला माझे हात दिसत होते. तेही वाजत होते.

ईशा उठली नाही. टाळ्या संपल्या, पुढच्या गाण्याची पेटी स्टेजवर आली, तरी नाही. शेवटी मंगलाताईंनी तिला खांद्याला धरून उठवलं आणि खाली आणलं.

"काय ग्रेट शेवट केलास गं! ते 'उठू मी' तर... कुणाची आयडिया? आईची?"

"आईच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे," ईशा म्हणाली.

७

गाडीत मी मागे तिच्याजवळ बसले. "दाखव कुठे आहे."

तिने फोन काढला आणि लावलं. माझा आवाज, नदी, काठ. श्वास. आणि मग काही नाही, नुसती खरखर.

"आता," ईशा म्हणाली. "ऐकलंस?"

"नाही."

तिने परत लावलं. मी फोन कानाला चिकटवला. बाहेर उड्डाणपुलावर ट्रॅफिक अडकला होता, प्रथमेश पुढून विचारत होता, जेवायला काय घ्यायचं. श्वास. खरखर.

"नाही गं. खरंच नाही."

ईशाने माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं तिच्या मराठीला हसत आले होते, आणि तिने तसं हसायला हरकत नव्हती. पण ती हसली नाही.

"तुला पाठ आहे ना, आई. ती कुठे संपते ते तुला माहीत असतं. तिथे तू ऐकायचं बंद करतेस." तिने फोन पर्समध्ये ठेवला. "मला माहीत नसतं कुठे संपते. म्हणून मी ऐकत राहते."

मग ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिचा हात हातात धरला होता. नवीन बांगड्या गार लागत होत्या.

८

प्रथमेशने आम्हाला गेटपाशी सोडलं आणि तो बिर्याणी आणायला गेला. दार उघडून मी चपला काढेपर्यंत ईशा सरळ बाल्कनीच्या काचेशी जाऊन बसली होती. साडीतच. 'कर्र' असं बारीक झालं.

"ईशू, साडी बदल. चहा करते."

काही नाही.

मावळतीची वेळ होती. बाहेर अजून करडा उजेड होता, समोरच्या बिल्डिंगांत एकेक खिडकी पिवळी होत होती. मला अंधारात राहावेना. मी भिंतीवरचं बटण दाबलं.

दिवा लागला आणि काचेचा आरसा झाला.

ती माझ्याकडे पाठ करून होती, आणि काचेत तिचा चेहरा माझ्याकडे होता. ईशाचा. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. त्याच्या जरा वर, जिथे नुसती खोली दिसायला हवी होती, तिथे एक तोंड होतं. सुकलेलं, थोडं उघडं, श्वास आत घेऊन थांबलेलं. डोळ्यांपर्यंत माझी नजर गेली नाही. मी जाऊ दिली नाही.

मला वाटलं मी ओरडेन. पण आवाज निघाला तो रोजचा, सकाळी शाळेसाठी हाक मारते तो.

"झालं. लिहून झालं. ऊठ आता."

खुर्ची करकरली. लांबलचक, शेवटपर्यंत. ईशा उठली, साडीचा घोळ सावरला आणि वळली. माझी ईशा, काजळ फिसकटलेली.

"किती भूक लागलीय आई. बाबा कुठेयत?"

मी तिला मनगटाला धरून जवळजवळ ओढतच स्वयंपाकघरात नेलं. हॉलकडे पाठ करून ओट्याकडे तोंड केलं, मुरमुऱ्यांचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. ती ओट्याला टेकून मूठमूठ खायला लागली, पायांना मुंग्या आल्यात, ब्लाउज टोचतोय, मंगलाताईंच्या तोंडाला वड्याचा वास येतो, असं भराभर, अर्धं बंगालीत, बोलायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

आणि मागे, हॉलमध्ये, खुर्ची पुन्हा करकरली.

सावकाश. मध्ये थांबून. दोन्ही हातांवर भार देऊन, गुडघ्यांना विचारत विचारत कुणीतरी उठावं तशी. मग शांत.

ईशा माझ्याशेजारी होती. चावत होती.

मला वळता आलं असतं. किती साधं होतं! वळायचं, बघायचं. पाणी हवंय का विचारायचं. नाव विचारायचं, जे अख्ख्या पुस्तकात नाही आणि नारायणकाकांना आठवत नाही. ज्या कवितेवर मी आयुष्यभर जीव टाकला ती सगळी जिच्या पाठीवर उभी होती, तिच्या तोंडाकडे एकदा बघायचं. दुसरं कुणी बघितलं नव्हतं. मला वाटतं, ती तेवढ्यासाठीच इकडे आली.

कारण ती आली. पावलं वाजली नाहीत, पण मानेवर गार लागलं. आणि माझ्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. खूप बोलायचं असलं की घेतात तसा.

मी हात पुढे केला आणि नळ सोडला. पूर्ण.

पाणी सिंकवर धो धो आपटायला लागलं. मी ओटा दोन्ही हातांनी धरून तिथेच, पाठमोरी, उभी राहिले.

"आई," ईशा म्हणाली, "सिंक रिकामं आहे."